फिल्मवर्गासाठी जुने कॅमेरे: कामाच्या नोंदी, जून ते डिसेंबर २०२४

१४ जून २०२४

कला महाविद्यालयातून पुन्हा निरोप आला. माझे जुने कॅमेरे त्यांना हवेत. त्यासाठी काचेचं कपाट करून घेऊ, खाली नावांच्या पाट्या लावू म्हणाले. मी कळवलं, कॅमेरे देतो, पण मुलांनी त्यात रोल भरायचा, फोटो काढायचे, रोल स्वतः धुवायचा आणि प्रिंटही स्वतःच काढायची. हे मान्य असेल तर एन्लार्जरसकट, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायच्या यंत्रासकट, सगळं सामान तुमचं. तिथल्या सरांचा तासाभरात फोन आला, चालेल म्हणाले. डिसेंबरपासून दर शनिवारी वर्ग भरवायचा असं ठरलं.

सामान असं आहे: स्टुडिओतला लाकडी फील्ड कॅमेरा, तीन आग्फा क्लिक थ्री, दोन यशिका मॅट १२४ जी, एक पेंटॅक्स के १०००, एक निकॉन एफएम २, हातातला लाईट मीटर, एन्लार्जर, डेव्हलपिंगचे टँक, ट्रे, लाल दिवा. कोल्हापुरातल्या स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो तेव्हापासून आजवर पोटापाण्याला जे जे लागलं, त्यातलं हे उरलेलं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून तीन ढीग करायचे: चालू, दुरुस्तीजोगं, आणि सुट्या भागांसाठी.

चालू कशाला म्हणायचं तेही लिहून ठेवतो, म्हणजे पुढं वाद नको. शटर सगळ्या स्पीडला उघडून मिटलं पाहिजे, ॲपर्चरची, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक लहान-मोठं करणारी, पाती हलली पाहिजेत, मागच्या झाकणातून उजेड आत येता कामा नये, आणि रोल शेवटपर्यंत सरकला पाहिजे. लेन्सवर एखादा ओरखडा असला तर त्यानं फारसं बिघडत नाही.

२० जून

दिवसभर लेन्स तपासल्या. शटर ‘बी’वर उघडं ठेवायचं, ॲपर्चर पूर्ण उघडायचं आणि मागच्या बाजूनं टॉर्च थोडी तिरकी मारायची. सरळ उजेडात लेन्स स्वच्छच दिसते. तिरक्या उजेडात मात्र आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले की समजायचं, फंगस आलं. पेंटॅक्सच्या ५० एमएमला आहे, एका यशिकाच्या वरच्या लेन्सला आहे. यशिकाची वरची लेन्स फक्त बघायची, फोटो खालच्या लेन्सनं निघतो. त्यामुळं तिथं निभावेल. पेंटॅक्सची लेन्स मात्र उघडावी लागेल.

फंगस नवं असेल तर पुसून जातं. जुनं असेल तर काचेवरचा कोटिंगचा थर खाऊन टाकतं, पुसल्यावरही त्याची खूण राहते. समोर खिडकी किंवा दिवा असला की अशा लेन्सचा फोटो धुरकट येतो. हवेतली आर्द्रता साठ-पासष्ट टक्क्यांच्या वर राहिली की फंगसला रान मोकळं, आणि आपल्याकडं जून ते सप्टेंबर याहून कमी आर्द्रता असतेच कुठं! चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात ठेवलेले कॅमेरे सगळ्यात आधी जातात. चामडं ओल धरतं, आत अंधार असतो, वारा नसतो. लोक जपून ठेवतात म्हणजे हेच करतात.

घट्ट झाकणाचे दोन मोठे प्लॅस्टिकचे डबे आणले, आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आणलं, निळी सिलिका जेल आणली. ओल पिऊन ती गुलाबी झाली की कढईत परतून पुन्हा निळी करायची, पण त्या कढईत मग खाण्याचं काही करायचं नाही. निळ्या रंगासाठी त्यात कोबाल्ट असतं. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. त्याहून फार कोरडं झालं तर ग्रीस आणि कातडं दोन्ही वाळतात.

३ जुलै

तिन्ही क्लिक थ्री झाले. यात बिघडण्यासारखं फार काही नाहीच. प्लॅस्टिकची बॉडी, साधी लेन्स, एक शटर. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं. १२० चा रोल, सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो. मागच्या लाल खिडकीतून आकडा बघत रोल फिरवायचा. न्यू इंडिया इंडस्ट्रीज हे बडोद्यात बनवायची, आणि ज्या घरात दुसरा कुठला कॅमेरा आला नाही तिथंही हा आला. नरसोबाच्या वाडीची सहल, पन्हाळा, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळं याच्यावर निघालं आहे. दिवाळीला आणि मेच्या सुट्टीत आमच्या स्टुडिओत धुवायला येणाऱ्या रोलांत निम्म्याहून जास्त क्लिकचे असायचे.

मी पहिला फोटो याच्यावरच काढला. स्टुडिओच्या मालकांनी दिला होता, रोलसकट. अट एकच: बाराही फोटोंत माणूस हवा, आणि त्या माणसाला विचारून काढलेला हवा. झाडं, देवळं, रंकाळ्याचा सूर्यास्त त्यांना चालत नसे. आज वर्गाचा पहिला पाठ मी तोच ठेवतोय. क्लिकवर फोकस करायचा नसतो, स्पीड लावायचा नसतो. म्हणून मुलाचं सगळं लक्ष दोनच गोष्टींवर राहतं: किती जवळ जायचं, आणि कधी दाबायचं. बाकीचं सगळं नंतर शिकता येतं.

लेन्स पुसल्या. पाठीच्या कडेला जिथं प्लॅस्टिक थोडं वाकलंय तिथं काळी चिकटपट्टी लावायची, हे चिठ्ठीवर लिहिलं.

१७ जुलै

फील्ड कॅमेरा. हे काम मोठं होतं, आठवडाभर पुरलं.

सागवानी बॉडी, पितळी कोपरे, हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. बनवणाऱ्याची पाटी नाही. दक्षिणेत अलप्पुळ्याला ‘वागीश्वरी’ नावाचे असे कॅमेरे बनायचे, देशभर स्टुडिओंत जायचे. हा त्यातला आहे की कुणा मिस्त्रीनं त्यावरून केलेला, ते लाकडावरून ठरत नाही. माझ्या मालकांकडं तो त्यांच्या वडिलांकडून आला.

आधी भाता तपासला. डार्करूममध्ये दिवे घालवून भात्याच्या आत छोटा बल्ब सोडला आणि बाहेरून पाहिलं. घड्यांच्या कोपऱ्यांवर चांदण्या दिसल्या, म्हणजे तेवढी भोकं. प्रत्येक भोकावर खडूची खूण केली. नंतर दिवा लावून पातळ काळ्या कातड्याचे तुकडे सायकल पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवले. तुकडा जाड झाला तर भाता मिटत नाही, म्हणून कातडं आतून घासून पातळ करावं लागतं. पुन्हा अंधार, पुन्हा बल्ब. आता एकही चांदणी नाही.

या लेन्सला शटर नाही. टोपी काढायची, मनात मोजायचं, टोपी लावायची. मालक मोठ्यानं मोजायचे, आणि आता कळतं, ते आकडे माझ्यासाठी नव्हतेच, समोर बसलेल्या माणसासाठी होते. ‘एक’ म्हटलं की माणूस श्वास धरतो, ‘दोन’ला स्थिर होतो, ‘तीन’ला टोपी परत. फोकस होईपर्यंत फोटोग्राफर काळ्या कापडाखाली असतो, काचेवर उलटं चित्र बघत. पण प्लेटची चौकट मागं घातली की काच झाकली जाते आणि त्याला काहीच दिसत नाही. मग तो कॅमेऱ्याच्या शेजारी येऊन उभा राहतो आणि थेट माणसाकडं बघतो. दोघांच्या मध्ये काही नसतं. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत माणसं अशी ठाम, भरून आलेली का दिसतात याचं मला पटलेलं कारण हे आहे. पडदे, खांब, कुंड्या हा वरचा सरंजाम झाला. ती माणसं यंत्राच्या भिंगाकडं बघत नव्हती, माणसाकडं बघत होती.

हाफ प्लेटची फिल्म आता सहज मिळत नाही. म्हणून मुलांना ब्रोमाइड पेपरच त्या मापाचा कापून चौकटीत घालायला देणार. पेपर फिल्मपेक्षा कितीतरी मंद, उजेड टिपायच्या वेगाचा आकडा, म्हणजे आयएसओ, साधारण ६ धरायचा. सावलीत सेकंदाच्या हिशेबात एक्स्पोजर लागतं, म्हणजे टोपीचं काम होतं. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये धुतला की कागदी निगेटिव्ह तयार, आणि ते दुसऱ्या कागदावर ठेवून कॉन्टॅक्ट प्रिंट. या पेपरला लाल रंग दिसत नाही, त्यामुळं कुंकू, लाल लुगडं, तालमीची माती सगळं काळं येतं. हे मुलांना आधी सांगायचं.

२६ जुलै

पंचगंगा धोक्याच्या पातळीवर. सामान माळ्यावर हलवलं, आज दुरुस्ती बंद.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये निगेटिव्हच्या पेट्या भिजल्या होत्या, म्हणून तेव्हाची रीत इथं लिहून ठेवतो. कुणाच्या तरी कामाला येईल. पुराच्या पाण्यात भिजलेलं निगेटिव्ह वाळू द्यायचं नाही, आणि उन्हात तर मुळीच टाकायचं नाही. वाळलं की जिलेटिन पाकिटाला किंवा शेजारच्या निगेटिव्हला चिकटतं, मग ओढलं तर चित्रच सुटून येतं. पाकिटासकट स्वच्छ थंड पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, पाकीट आपोआप सुटलं की निगेटिव्ह कडेला धरून वेगळं करायचं. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही. दोन-तीन दिवसांत सगळं उरकायला हवं, त्यापुढं जिलेटिन मऊ पडून सुटायला लागतं. शेवटच्या पाण्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या रसायनाचे, थेंब टाकायचे आणि चिमट्यानं टांगून सावलीत वाळवायचं. लग्नाच्या अल्बमचं म्हणाल तर छापलेला अल्बम पुरात गेला तरी निगेटिव्ह वाचलं की नवा अल्बम होतो. त्या वर्षी आम्ही असे बरेच करून दिले.

११ ऑगस्ट

यशिका मॅट १२४ जी. यांच्यावर माझं घर चाललं.

दोन्हीत एकच रोग, मंद स्पीड अडकतात. एक सेकंदाला लावलं की शटर उघडून तसंच राहतं, अर्ध्यालाही घुटमळतं. १/६० पासून वर सगळं ठीक. आतल्या मंद स्पीडच्या दात्यांना लावलेलं तेल वर्षानुवर्षं न वापरता राहिलं की घट्ट होतं. रोज वापरातल्या कॅमेऱ्याला हा आजार क्वचित होतो. पुढची लेन्स रबराच्या रिंगनं फिरवून काढली, स्वच्छ पेट्रोलचा, म्हणजे लायटरमध्ये भरतात त्याचा, एक-एक थेंब दात्यांवर सोडला, शटर चालवत राहिलो, टिपकागदानं उरलेलं टिपलं. पात्यांवर तेलाचा थेंबही नको. तिथं तेल गेलं की पाती एकमेकांना चिकटतात.

स्पीड तपासायला मोबाईल वापरला. स्लो मोशनला सेकंदाला २४० फ्रेम येतात. मागून उजेड ठेवून शटरचं चित्रण करायचं आणि उघडं दिसतं तेवढ्या फ्रेम मोजायच्या. १/३० ला आठ फ्रेम यायला हव्यात. एका यशिकात आठ, दुसऱ्यात दहा. दहा म्हणजे १/२४, फिल्मला एवढ्यानं काही होत नाही. १/१२५ च्या पुढं ही रीत चालत नाही, दोन फ्रेमचा हिशेब कसा लावणार? तिथं रोलच टाकून बघायचा.

मीटर मूळचा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा. ते सेल बंद झाले. आजचा दीड व्होल्टचा सेल घातला तर मीटर चुकीचं सांगतो. कानाच्या मशीनला लागणारा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल मात्र १.४ व्होल्टचा असतो, औषधाच्या दुकानात मिळतो. अंगानं बारीक आहे, म्हणून भोवती रबराची रिंग घालून बसवला. वरचा कागद काढला की काही आठवड्यांत उतरतो, तेव्हा वर्ग असेल त्या दिवशीच काढायचा. खरं तर मुलांनी हातातला मीटर वापरावा, किंवा उन्हाचा जुना नियम: लख्ख ऊन, ॲपर्चर १६, स्पीड फिल्मच्या आयएसओएवढा.

आता जे मला खरं लिहायचंय ते. यशिका पोटाशी धरायचा असतो. वरचं झाकण उघडून मान खाली घालून काचेवर बघायचं. डावं-उजवं उलट दिसतं, त्याची सवय होते. समोरच्या माणसाला फोटोग्राफरचा चेहरा दिसत राहतो, कपाळ दिसतं, हसलो तर हसू दिसतं. बोलणं तुटत नाही. लग्नात मुंडावळ्या बांधून बसलेल्या नवऱ्यामुलीशी मी बोलत असायचो आणि बोलता बोलता शटर पडायचं. आवाजही बारीक. उभ्या माणसाचा फोटो पोटाच्या उंचीवरून निघतो, त्यामुळं तो थोडा वरून बघतोय असं येतं. त्यात एक मान असतो. निकॉन डोळ्याला लावला की माझा चेहराच जातो, समोर उरतं फक्त भिंग. निकॉनमुळं मी जे पकडलं ते यशिकानं कधी मिळालं नसतं: अक्षता पडतानाचा क्षण, मिरवणूक, कुस्तीचा डाव. पण माणसापुढं उभं राहायची रीत प्रत्येक कॅमेरा ठरवतो, आणि ती रीत कळायला कॅमेरा हातात धरून माणसासमोर जावंच लागतं. कपाटाच्या काचेतून ती कुणाला दिसणार नाही. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठी आहे.

२२ ऑगस्ट

उद्यमनगरात, गावातल्या कारखान्यांच्या भागात, जाऊन आलो. दुसऱ्या यशिकाच्या वाइंडिंगच्या दांडीतली पिन झिजली होती, दांडी फिरायची पण रोल पुढं जायचा नाही. शिवाय लेन्सच्या रिंगा उघडायला दोन टोकांचा पाना हवा होता. बाजारात मिळतो तो रिंगेच्या खाचेत बसत नाही, घसरला की काचेवर ओरखडा. लेथवाल्या मिस्त्रींना जुनी पिन दाखवली. त्यांनी व्हर्नियर लावलं, सळई निवडली, पाठमोरेच म्हणाले, “चहा घ्या तोवर.” पिन चहा संपायच्या आत तयार. पान्याची टोकं त्यांनी तीनदा घासून बसवून बघितली, कारण माझ्या तोंडावरची काळजी त्यांना दिसत होती.

कॅमेऱ्याचा सुटा भाग लेथवर करून घेणं ही या गावाची जुनी विद्या आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला, १९१८ च्या सुमाराला. आनंदराव पेंटर आणि बाबूराव या दोघांनी ते मनावर घेतलं होतं. आनंदराव १९१६ मध्ये गेले, मग बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना बरोबर घेऊन तो पुरा केला. त्या काळी फिल्म एकसारखी थांबत-सरकत पुढं नेणारी यंत्रणा स्वतः करायची म्हणजे किती बारीक काम, हे आज एक पिन करून घेताना लक्षात येतं. फ्रेम दर वेळी तेवढ्याच अंतरावर थांबली नाही तर पडद्यावर चित्र नाचतं.

९ सप्टेंबर

घरी गणपती. काम बंद. सिलिका जेल तेवढी परतून घेतली, गुलाबी झाली होती.

२५ सप्टेंबर

रसायनं. तयार डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, महाग पडतो, आणि मुलांना त्यात काय आहे हेही कळत नाही. म्हणून डी-७६ नावाचा डेव्हलपर घरी करायचा. एक लिटरला मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. पाऊण लिटर पाणी साधारण ५० अंशांवर घ्यायचं, आणि क्रम मोडायचा नाही. मेटॉल आधी, कारण सल्फाइटच्या दाट पाण्यात ते विरघळत नाही. पण नुसतं मेटॉल हवेनं खराब व्हायला लागतं म्हणून त्याआधी चिमूटभर सल्फाइट टाकतात. मग उरलेलं सल्फाइट, हायड्रोक्विनोन, बोरॅक्स, आणि थंड पाण्यानं एक लिटर पुरा करायचा. एक रात्र ठेवून दुसऱ्या दिवशी वापरायचा. वजनाचा काटा दागिन्यांचा, स्वयंपाकघरातला नको. हातमोजे हवेतच, मेटॉलनं काहींच्या हाताला खाज सुटते.

इल्फर्डच्या एचपी ५ या कृष्णधवल रोलला या डेव्हलपरमध्ये २० अंशांना साडेसात मिनिटं. कोल्हापुरात नळाचं पाणी हिवाळा सोडला तर २० अंश कुठलं असायला! बर्फाच्या पाण्याची परात, त्यात डेव्हलपरची बाटली, आणि थर्मामीटर. पूर्वी स्टुडिओत आम्ही माठाचं पाणी वापरायचो.

वापरलेला हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं रसायन, गटारात ओतायचा नाही. फिल्ममधली न वापरली गेलेली चांदी सगळी त्यात उतरलेली असते. पूर्वी तो विकत नेणारा माणूस दर महिन्याला कॅन घेऊन यायचा. चांदीकामाची हुपरी इथून जवळ, चांदीची किंमत या भागात कुणाला सांगावी लागत नाही. महाविद्यालयात हायपोसाठी वेगळा झाकणाचा कॅन ठेवायला सांगितलं आहे.

१२ ऑक्टोबर

दसरा. सगळे कॅमेरे मांडून पूजा केली. झेंडू, हळद-कुंकू, पण लेन्सवर टोपी घालून. मालकांची एक पद्धत होती, ती मीही पाळतो. आरती झाली की प्रत्येक कॅमेऱ्याचं शटर प्रत्येक स्पीडला एकदा चालवायचं. नातवंडांना आज ते काम दिलं. दोन्ही यशिका एक सेकंदाला व्यवस्थित मिटल्या.

२० ऑक्टोबर

पहाटे तालमीत. वस्तादांना आधी विचारून ठेवलं होतं. चपला बाहेर, मातीला हात लावून कपाळाला, मग एका कडेला उभा राहिलो. आत दोन झरोके, तेवढाच उजेड. हौद्यात माती नुकतीच उकरलेली, ओलसर. मीटरनं आयएसओ ४०० ला ॲपर्चर ४ आणि १/३० सांगितलं. निकॉनला तिथं उघडी लेन्स मिळते, ॲपर्चर १.८ ला १/१२५ पर्यंत जाता येतं, म्हणून जोर चालू असताना निकॉन घेतला. एफएम २ हा १९८२ चा कॅमेरा, शटर १/४००० पर्यंत, आणि सेल फक्त मीटरला लागतात, शटर यंत्रावर चालतं. या कॅमेऱ्याचे मागच्या दारातले फोमचे पट्टे डांबरासारखे विरघळले होते. ते स्पिरिटनं खरवडून खाचेत काळी लोकर बसवली आहे. त्याची परीक्षा याच रोलमध्ये.

मेहनत संपली तेव्हा यशिका ट्रायपॉडवर घेतला. एक अठरा-एकोणीस वर्षांचा पैलवान भिंतीला टेकून बसला होता. निकॉन वळवला होता तेव्हा त्यानं लगेच छाती काढून दंड फुगवले होते. आता मी मान खाली घालून काचेत बघत त्याला गाव विचारलं, खुराक विचारला. तो थंडाईचं सांगायला लागला, बदाम किती, कोण वाटतं. हात सैल मांडीवर, कानाला माती, मोडलेला कान झरोक्याच्या बाजूला. अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं, तो बोलायचा थांबला तेवढ्यात. वस्ताद मागून म्हणाले, “ह्यो डबा बरा हाय. डोळ्याला लावत न्हाई तुम्ही, तोंड दिसतंय तुमचं.”

५ नोव्हेंबर

दिवाळीनंतर रोल धुतले. निकॉनच्या रोलवर उजेडाचा एकही पट्टा नाही, लोकर चालते. पेंटॅक्सच्या लेन्सवर फंगसची खूण राहिली आहे, झरोका चौकटीत आला तिथं धूर दिसतो. बाकी फोटो ठीक. खिडकी पाठीशी ठेवून वापरायची, असं चिठ्ठीवर लिहिलं. पैलवानाचं निगेटिव्ह तर मनासारखं आहे: सावलीत मातीचा कण कण दिसतो आणि खांद्यावरचा घाम जळलेला नाही. दहा बाय दहाची प्रिंट काढली, तालमीत नेऊन दिली.

प्रिंट काढताना जुने डबे चाळत होतो. ऑर्वोचे डबे, पूर्व जर्मनीतल्या वोल्फेनचे. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकांत आमच्या हातात सगळ्यात जास्त हेच. आणि ‘इंदू’. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा रोल. नीलगिरीच्या स्वच्छ हवेत सरकारनं कारखाना काढला, १९६७ मध्ये उत्पादन सुरू झालं. रोल होता, ब्रोमाइड पेपर होता, दवाखान्यांना एक्स-रे फिल्म होती. परदेशी माल मिळेनासा व्हायचा तेव्हा छोट्या गावांतले कितीतरी स्टुडिओ इंदूवर तगले. तो कारखाना बंद पडला याचं मला आजही वाईट वाटतं. आज भारतात एकही रोल बनत नाही, आणि मुलांच्या हातात पडणारी प्रत्येक फ्रेम बाहेरून येते. २००४ मध्ये इल्फर्ड बुडाली होती, तिच्याच अधिकाऱ्यांनी ती विकत घेऊन चालू ठेवली. २००५ मध्ये आग्फाफोटो दिवाळखोरीत गेली, २०१२ च्या जानेवारीत कोडॅक. त्यातून जे तगले त्यांचा कृष्णधवल रोल अजून मिळतो. डिजिटलवर मी रोज काम करतो, लग्नं आता सगळी त्यावरच. त्याच्याशी भांडण नाही. वर्ग फिल्मवर घ्यायचा तो या कॅमेऱ्यांना तेवढंच चालतं म्हणून, आणि बारा फोटोंत भागवायचं असलं की मूल आधी माणसाशी बोलतं म्हणून.

१८ नोव्हेंबर

प्रत्येक कॅमेऱ्याची वही तयार. पहिल्या पानावर रोग आणि इलाज, पुढं कोणी नेला, कुठला रोल, काय आढळलं. नियम: महिनाभर कोणी नेला नाही तर सरांनी काढून सगळ्या स्पीडला शटर चालवायचं आणि तारीख लिहायची. पावसाळ्यात केसमध्ये ठेवायचा नाही. लेन्स शर्टानं पुसायची नाही.

सरांनी सांगितलं, कपाटासाठी ठेवलेल्या पैशांतून डार्करूमला एक्झॉस्ट पंखा आणि कॅमेऱ्यांसाठी ड्राय कॅबिनेट, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट, घेत आहेत. मोठं काम झालं. हायपोच्या वासात मुलांना कोंडायचं मला पटत नव्हतं. एन्लार्जरचा बल्ब मात्र एलईडी घ्यायचा नाही, दुधी काचेचा जुनाच शोधायचा. एलईडी बंद केल्यावरही क्षणभर मिणमिणतो आणि पेपरला लागतो तो रंगही त्यात पुरेसा नसतो.

७ डिसेंबर

पहिला वर्ग. जोडीला एक कॅमेरा पुरेल एवढी मुलं आली. मुली जास्त. आधी खराब झालेला एक रोल उजेडात उघडून भरायला दिला. मग तेच काम डोळे मिटून, मग अंधारात रिळावर चढवायचं. एका मुलीनं पहिल्याच खेपेला चढवला. घरी आजीला सुईत दोरा ओवून देते म्हणाली, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा आहे तिचा.

क्लिक तीन जोड्यांना दिले. पाठ सांगितला: बारा फोटो, बाराही माणसांचे, विचारून. भाजी मंडईत जायचं म्हणाल्या. यशिका घेतलेल्या जोडीला लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारांची यादी करून दिली, दुपारची, गिऱ्हाईक नसतानाची वेळ. निकॉन आणि पेंटॅक्स सगळ्यांनी हाताळले, पण नेऊ दिले नाहीत, ते जानेवारीत.

परत तपासताना एका क्लिकचं शटर ढिलं वाटलं, स्प्रिंग मऊ पडली आहे. सोमवारी उद्यमनगर. पुढच्या शनिवारी फील्ड कॅमेरा उत्तरेच्या खिडकीशी लावायचा, ब्रोमाइड पेपर हाफ प्लेटला कापून आणायचा, काळं कापड धुवायचं. ६७५ चे सेल संपत आले, एक पट्टी घ्यायची. एका मुलीचे आजोबा स्टुडिओत रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर पेन्सिलीनं डाग झाकायचं काम, करायचे, त्यांची पेन्सिलींची पेटी घरी आहे म्हणाली. घेऊन ये म्हटलं, आजोबांनाही घेऊन ये.